सीटखालची तार

दाजी, तुमची तार सापडली.

गवत कापायच्या मशीनच्या सीटखाली एक काळा प्लग असतो. त्याची दोन टोकं बोटभर तांब्याच्या तारेनं जोडून, वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. चिकटपट्टीवर दोऱ्याची गाठ होती, उन्हात पट्टी सुटते म्हणून. वायरवर दोऱ्याची गाठ मारणारा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात मला माहीत नाही. तेव्हा हे काम आणखी कुणाचं आहे, असं मला कुणी सांगायला येऊ नये.

तुमचं उत्तरकार्य आटोपलं. आक्काकडे अजून माणसं येतात आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली जाते. संक्रांतीच्या सुमाराला पोटात दुखायला लागलं, डॉक्टरांनी बघितलं, पण उशीर झाला होता. त्याआधी कुणालाच काही कळलं नाही. माणसं हळहळतात, पाणी पितात आणि जातात. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. मी तुमचा मेहुणा, रोज तुमच्याबरोबर त्या लॉनवर उभा असलेला माणूस, आणि माझा ह्या गोष्टीवर काडीचा विश्वास नाही. तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. कधीपासून, आणि मला का सांगितलं नाहीत, एवढंच मला कळायला हवं. हे तुम्हालाच विचारायचं होतं, पण तुम्ही बरोबर वेळ साधून सटकलात.

तुम्ही म्हणाल, झालं ह्याचं सुरू. "पावणं, तुमाला देवळात चप्पल काढतानाबी पुजाऱ्याचा संशय येतोय." येतोच. चपला माझ्या जातात, पुजाऱ्याच्या जात नाहीत.

हे मशीन आलं तेव्हापासून आपला हा वाद चालू होता. गडमुडशिंगीच्या रस्त्याला जमीन तुमची आणि धावपळ माझी, असं आपलं लग्नाचं लॉन उभं राहिलं. गवत इतकं की हातानं ढकलायच्या मशीनला ते उरकेना. मग तुम्ही बेंगळुरूकडच्या कुठल्याशा रिसॉर्टमधून हे बसून चालवायचं जुनं मशीन उचलून आणलंत. लहानसा ट्रॅक्टरच तो, पोटाखाली पाती फिरणारा. टेम्पोतून उतरवताना सगळी गल्ली बघायला जमली होती. मी पहिलाच प्रश्न विचारला की एवढं चांगलं होतं तर त्यांनी विकलं कशाला? तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "तुमची आक्काबी चांगली हुती की. तरी दिलासा न्हवं मला?" आक्कासकट सगळे हसले. मी हसलो नाही, मी टायर बघत होतो.

तुमचा जन्म उद्यमनगरात लेथवर गेलेला. मशीन कुठलंही असो, तुमची रीत एकच होती. आधी मशीनला विचारायचं, माणसाकडं शेवटी जायचं. मी पहिल्यापासून माणसाकडंच जातो. एका पावसाळ्यानंतर मशीन चालूच होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन नुसतं खोकायचं. मी म्हणालो, पंपवाल्यानं पेट्रोलमध्ये पाणी घातलंय. तुम्ही टाकी रिकामी केलीत, कार्बोरेटर उघडलात आणि आतला पिवळा चिकटा बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरलात. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल होतं ते. "पेट्रोलबी शिळं हुतंय, पावणं. त्यात पंपवाल्यानं काय केलंय?" जुन्या ब्रशनं घासून तुम्ही ते चालू करून दाखवलंत. तरी मी पंपावर जाऊन माप तपासून घेतलंच. माप बरोबर निघालं. त्या दिवशी बरोबर होतं, एवढंच मी म्हणेन.

मग एकदा गवत एका बाजूला बुटकं आणि एका बाजूला उंच कापलं जायला लागलं. नवरीच्या बापानं फोटो दाखवून तक्रार केली. मला खात्री होती की माळ्यानं मशीन दगडावर घालून पाती वाकवली आणि आता तो तोंड लपवून बसलाय. तुम्ही पात्यांकडं बघितलंसुद्धा नाहीत, चारी टायर अंगठ्यानं दाबत एक फेरी मारलीत. डाव्या चाकात हवा कमी होती, म्हणून मशीन डावीकडं कलून चालत होतं. पंप आणून हवा भरलीत आणि माळ्याला म्हणालात, "तुझं सुटलं बाबा." धूर ओकायला लागलं तेव्हा मात्र ऑइल जास्त घातलेलं निघालं, आणि ते मी घातलं होतं. त्यावर आपण दोघंही फार बोललो नाही.

आणि ते लिंबू. आठवलं की अजून कान गरम होतात. खंडेनवमीला तुम्ही मशीन धुऊन पुसून उभं केलंत, कुंकू लावलंत, चाकाखाली लिंबू ठेवलंत. मी झेंडूचा एवढा मोठा हार आणला की अर्धं इंजिन झाकलं गेलं. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, म्हणून ते तसंच राहिलं. दसऱ्याला लिंबावरून चाक घालून झालं. पुढं काही दिवसांनी भर उन्हात मशीन तापून बंद पडलं. मी खाली वाकून बघतो, तर पात्यांवरच्या लोखंडी डब्यात कुंकू माखलेलं अर्धं लिंबू अडकलेलं. माझं डोकंच फिरलं. पुढच्या वळणावरच्या लॉनवाल्याच्या तारखा रिकाम्या होत्या आणि आपल्या भरलेल्या. त्यानंच करणी केली! मी तसाच त्याच्या गेटवर गेलो आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. तुम्ही स्कूटरवर मागून आलात, मला मागं बसवलंत, आणि परत येऊन इंजिनचं झाकण काढलंत. आत हवा घ्यायच्या जाळीत वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या मूठमूठभर कोंबल्या गेल्या होत्या. इंजिनाला श्वास घ्यायलाच जागा नव्हती.

"हार तुमी घातलासा," तुम्ही पाकळ्या माझ्या ओंजळीत टाकत म्हणालात, "लिंबू म्या ठिवलं. करणी घरातलीच हाय ही."

त्या लॉनवाल्याकडं तुम्हीच जाऊन चहा पिऊन आलात आणि माझ्या वतीनं काय सांगितलंत, देव जाणे. तेव्हापासून तो मला बघितला की लिंबू सरबत पाजू का विचारतो. असा माझा संशय दरवेळी तोंडावर आपटायचा. तुम्ही हसायचात, पण कधी घालूनपाडून बोलला नाहीत. ते माझ्या लक्षात आहे.

पण दाजी, ह्या शेवटच्या दिवाळीनंतर काय झालं?

मशीन मध्येच बंद पडायला लागलं. स्टेजच्या बाजूला जमिनीला जो उंचवटा आहे, तिथं आलं की गप्प व्हायचं. गंमत म्हणजे माझ्या हाताखाली ते कधी बंद पडलं नाही, फक्त तुम्ही बसलात की पडायचं. मी म्हणालो, दाजी, आता मशीनला विचारा की. तुम्ही म्हणालात, सीटची स्प्रिंग गेली असंल, बघतो. पुढच्या वेळी आलो तर मशीन ठणठणीत चालत होतं आणि चावी तुमच्या कमरेच्या करदोट्याला बांधलेली होती. "आता ह्ये फकस्त म्या चालवणार. दुसऱ्यानं कुणी बसायचं न्हाय. तुमीबी न्हाय." मी कारण विचारलं. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "सांगितलं न्हवं? न्हाय म्हंजे न्हाय."

तुम्ही माझ्याशी असं कधी बोलला नव्हतात. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त संशय आला. त्यात तुम्ही वाळायला लागला होता. शुगर निघाली, साखर सोडली, रोज सकाळी कळंब्याच्या तळ्यावर चालायला जातो, असं सगळ्यांना सांगत होता. लग्नाला आलेली माणसं म्हणायची, बारीक झालात, बरं दिसताय. मी एकदा सकाळी कळंब्याला येऊन बघितलं. तुम्ही तिथं नव्हता. विचारलं तर म्हणालात, "म्या पल्याडच्या अंगानं चालतो." पल्याडच्या अंगाला कुठून चालणार, तिकडं धड वाटसुद्धा नाही. मला वाटलं, हा माणूस बिल्डरला भेटतोय. जमीन जाणार, लॉन जाणार, आणि मशीन विकायचं म्हणून त्याची चावी आत्तापासून कमरेला. मी तलाठ्याकडं जाऊन उताऱ्यावर काही चढलंय का तेसुद्धा बघून आलो. काही चढलं नव्हतं. काहीतरी लपवलं जातंय, एवढं मात्र मला पक्कं कळलं होतं. आणि दाजी, ते खरंच होतं की. आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय बरोबर होता, आणि तेव्हासुद्धा तुम्ही मला हसण्यावारी नेलंत.

आता ऐका काय झालं ते. तुमच्या दुखण्यात आणि दिवसकार्यात लॉनकडं कुणी फिरकलं नाही. पाणी चालू होतं, गवत पोटरीपर्यंत आलं. उन्हाळ्यातली लग्नं तोंडावर आहेत आणि लोकांनी पत्रिकेवर आपला पत्ता छापलाय. आक्कानं तुमची चावी आणून दिली. मी बसलो, मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. अर्धं लॉन झाल्यावर पुढं पाण्याची रिकामी बाटली आडवी आली, ती उचलायला मी सवयीनं खाली उतरलो. सीटवरचा माणूस उठला की हे मशीन आपोआप बंद पडतं. आणलं त्याच दिवशी तुम्ही मला चार वेळा उठबस करायला लावून ते दाखवलं होतं. त्या दिवशी ते बंद पडलं नाही. मी वाकलेला, आणि पाती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर तशीच फिरत होती. मी मागं सरकताना पडलोच. चावी बंद केली आणि गवतात बसून राहिलो.

हे कुणी केलं, हा पहिला विचार. मग तुमची आठवण झाली, आणि आधी मशीनला विचारायचं ठरवलं. सीट उलटी केली. तार दिसली, पट्टी दिसली, दोऱ्याची गाठ दिसली.

मला काही उमजेना. माणूस पडला तर पाती थांबावीत म्हणून दिलेली सोय तुम्ही तारेनं निकामी करून ठेवली. लेथवर लांब बाहीचा शर्ट घालून येणाऱ्याला घरी पाठवणारे तुम्ही. मी तार काढली, प्लग होता तसा बसवला. चालवून बघितलं, उठलो की बंद, बसलो की चालू. उंचवट्यावरूनही नेलं, काही अडलं नाही. स्प्रिंगही चांगली होती. तरी माझं समाधान होईना, म्हणून घरून मंगलला बोलावलं. माझी बायको मोपेड चालवते, तिला स्टिअरिंगची भीती नाही. म्हणालो, तू हळूहळू ने, मी बाजूनं चालत आवाज ऐकतो. स्टेजजवळच्या उंचवट्यावर सीट जराशी उचलली गेली आणि मशीन गप्प झालं.

"अवो, म्या काय केलंच न्हाय की," मंगल घाबरून म्हणाली. मग स्वतःच हसली. "मी ही अशी काडी. ह्येला वजनाचं माणूस लागतंय वाटतं बसायला."

ती सहज बोलून गेली. मी तिथंच उभा राहिलो. पूर्वी तुम्ही बसलात की ती सीट कुरकुरायची, आणि आपण दोघं त्यावरून हसायचो. दिवाळीनंतर तुम्ही त्या सीटला पुरेनासे झाला होता. शर्टाच्या आत तुमचं काय राहिलंय ते आम्हा कुणाला दिसलं नाही, आणि मशीन मात्र दरवेळी त्या उंचवट्यावर थांबून ते सांगत होतं. तुम्हाला ते कळलं. म्हणून तुम्ही तार जोडून त्याचं तोंड बंद केलंत.

आणि चावी कमरेला बांधलीत, कारण तार जोडलेल्या त्या मशीनवर तुम्हाला दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं नव्हतं. मला तर नाहीच नाही. मी बिल्डर शोधत फिरत होतो आणि तुम्ही माझे पाय सांभाळत होता. दाजी, हे कळल्यावर मी लॉनच्या मधोमध, माळ्याच्या देखत, मोठ्यानं रडलो. मंगलला वाटलं मला ऊन लागलं.

पण उपकार मानून गप्प बसेन तर तो मी कसला. दुपारी थेट आक्काकडं गेलो. ती गहू निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "आक्का, दाजींचं कधी कळलं?"

"सांगितलंय की तुला. संक्रांतीला."

"मशीन दिवाळीनंतर बंद पडाय लागलंतं."

"आन् मशीनचा काय संबंध त्याच्यात?"

मी सगळं सांगितलं. सीट, तार, गाठ, मंगल. ती गव्हातला खडा बोटांत धरून बसली, टाकायचा विसरली.

"नवरात्राच्या आधी कळलंतं," शेवटी ती म्हणाली. "पसरलंय म्हणाला डॉक्टर. सकाळचं चालाय जातो म्हणून त्याच्याकडंच जात हुते. दुसरा डॉक्टर केला, त्यानंबी त्येच सांगितलं."

"मग मला सांगायचं न्हाय? मी कोण हाय तुमचा? रस्त्यावरचा?"

"वरडू नगंस." आक्कानं डोळे पुसले. "मी म्हटलंतं, इलासला सांगू या. त्येच नको म्हणाले. शपथ घातली मला. म्हणाले, त्यो पावणा यील आन् म्हणंल, डॉक्टर चोर हाय, मशीन खराब हाय, तपासणी दुसऱ्या कुणाची तरी हाय. आन् मला त्याचं खरं वाटंल. मन कसंबसं घट्ट केलंय म्या. त्यानं संशय घेतला की मला परत जगायची आशा लागंल, आन् आता ती मला झेपायची न्हाय."

मी खाली बसलो. आक्का परत गहू निवडायला लागली, पण तिला काही दिसत नव्हतं. चांगले दाणे खड्यांबरोबर बाजूला पडत होते आणि मी ते परत ताटात टाकत होतो.

दाजी, इतकी वर्षं मी समजत होतो की माझं एक अक्षरही तुम्हाला पटत नाही. पेट्रोल, माळी, करणी, प्रत्येक वेळी तुम्ही मला खोटं पाडलंत, आणि मी म्हणायचो, असू दे, मोठा माणूस आहे. आणि खऱ्या वेळेला तुम्हाला भीती वाटली ती माझ्यावर विश्वास बसेल ह्याचीच. मला तुमचा फार राग आलाय. तुम्ही मला माझं काम करू दिलं नाहीत. मी डॉक्टरशी भांडलो असतो, तुम्हाला चार गावं फिरवलं असतं, प्रत्येक दवाखान्याच्या दारात आवाज चढवला असता. तुम्ही वाचला नसतात, हे मलाही कळतं. पण माझ्या स्कूटरवर मागं बसून माझ्याबरोबर फिरला तरी असतात.

तुम्ही बोलू दिलं नाहीत, म्हणून आता बोलतो. दाजी, त्या डॉक्टरवर माझा अजिबात विश्वास न्हाय. त्या दुसऱ्यावरबी न्हाय. दोघं मिळालेलं हाईत. उठा, शर्ट घाला. मिरजेला जाऊन परत तपासून घेऊ.